मामाची रजा

माझा मामा लाँड्री चालवतो. दुकानावर ‘धुलाई, इस्त्री, रफू’ अशी पाटी आहे, पण रफू करणारा कारागीर केव्हाच सोडून गेला आणि पाटी तशीच राहिली. कोणी रफूला कपडा आणलाच तर मामा तो उजेडासमोर धरतो, आरपार बघतो आणि म्हणतो, "हे भोक आता तुमचंच. सांभाळा." गिऱ्हाईक हसतं आणि दुसरीकडे जातं. माणूस असा. बोलणं मोजकं, आणि एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची सवय नाही.

म्हणून दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात त्याचा फोन आला आणि एकच गोष्ट त्याने दोनदा सांगितली, तेव्हाच मला खटकायला हवं होतं.

"सुट्टीत सगळे एकदम येऊ नका," तो म्हणाला. "वाटून घ्या. आधी तू ये. तू गेलीस की दादा येऊ दे."

"का रे? आईचं काही जास्त आहे का?"

"आहे तशीच आहे. पण एकदम नको. वाटून घ्या."

मला राग आला. दादा आणि मी, आम्ही दोघंच भावंडं. दोघं दोन शहरांत, तीही दोन टोकांना. दोन्ही घरांची सुट्टी जुळते ती फक्त डिसेंबरच्या अखेरीस. दादाने तर ऑगस्टमध्येच तिकिटं काढून ठेवली होती. त्याचं म्हणणं होतं, "पुढच्या वर्षी आई आपल्याला ओळखेल, न ओळखेल. या वर्षी सगळ्यांनी मिळून तिच्याजवळ राहायचं." ऐकायला ते इतकं बरोबर वाटत होतं की मामाचं म्हणणं काय होतं, हे पुन्हा विचारावंसंही कोणाला वाटलं नाही. सगळेच येतोय असं मी त्याला कळवलं. तो "बरं" म्हणाला. फोन ठेवताना म्हणाला, "घर तुमचंच आहे."

आई आणि मामा यांच्यात अकरा वर्षांचं अंतर. आजी लवकर गेली आणि आजोबांची नोकरी फिरतीची, त्यामुळे मामाला आंघोळ घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं आईनेच केलं. पुढे आई नर्स झाली आणि बढती मिळत मिळत मोठ्या रुग्णालयात एका वॉर्डची मुख्य सिस्टर झाली. मामा शाळेत दोनदा आपटला, तेव्हा तिने त्याला त्याच रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चिकटवलं. चौदा वर्षं त्याने तिथे चादरी, उशांचे अभ्रे आणि डॉक्टरांचे कोट धुतले. घरी ती त्याची ताई, पण कामावर सिस्टर. तिथे तो तिला ‘तुम्ही’ म्हणायचा. "एकदा चुकून ताई म्हणालो," तो सांगतो, "तर चादरींचा अख्खा गठ्ठा परत धुवायला लावला. एकाही चादरीवर डाग नव्हता!"

मग त्याने स्वतःची लाँड्री काढली. लग्न राहून गेलं. कोणी कारण विचारलं तर म्हणतो, "इस्त्री तापलेली होती, सोडून जाता आलं नाही."

बाबा गेल्यावर आई लाँड्रीच्या समोरच्याच इमारतीत, तळमजल्यावर, एकटी राहत होती. निवृत्त झाल्यावरही तिचा हात स्वस्थ बसेना. रोज संध्याकाळी आजूबाजूची माणसं रक्तदाब तपासून घ्यायला तिच्याकडे यायची. एका जाड वहीत ती नाव, तारीख आणि आकडे लिहायची. एके दिवशी मामाने सहज वही चाळली. एका पानावर पाच जणांची नावं होती आणि पाचही जणांपुढे एकशेवीस-ऐंशी. मागचं पान बघितलं, तिथेही तेच. त्यात मामाचं स्वतःचंही नाव होतं, आणि मामाचा रक्तदाब दीडशेच्या खाली कधी आलेला आम्ही कोणीच ऐकलेलं नाही.

तेव्हा त्याने वही मिटून ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून घ्यायला गेला आणि तिच्याकडे बघत बसला. तिने पट्टा नीट बांधला, हवा भरली, काट्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग वहीत लिहिलं, एकशेवीस-ऐंशी.

"काटा तिला दिसत होता गं," मामा मला म्हणाला होता. "तो काय सांगतोय, ते कळत नव्हतं. आणि मला ते समजू नये म्हणून ती हसली."

डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असं नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी वेग जरा कमी होईल, मागे काही जाणार नाही, हेही सांगितलं. मामाने आपली खोली बंद केली, खाट उचलली आणि तिच्याकडे राहायला आला. तिलाच तुझ्याकडे का नेलं नाहीस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "या घरात तिच्या पायांना रस्ता माहीत आहे. डोक्याला नसला तरी."

सकाळी दहा ते पाच ती त्याच्याबरोबर दुकानात असते, हे मला फोनवरून ठाऊक होतं. आतल्या बाजूला खुर्चीवर बसून ती एका हॉटेलचे अभ्रे आणि हातरुमाल घडी करते, हेही ठाऊक होतं. तिला गुंतवून ठेवायला तू त्या घड्या परत उलगडून देत असशील ना, असं मी एकदा मोठ्या समजूतदारपणे म्हणाले. मामाला ते लागलं. "उलगडू कशाला? तिची घडी माझ्यापेक्षा चांगली आहे. थेट गिऱ्हाइकाला जाते."

म्हणजे मला बरंच काही ठाऊक होतं. पण फोनवरून.

आम्ही सात जण उतरलो. दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं. मी, माझा नवरा आणि आमची पाच वर्षांची मुलगी. आई आणि मामा धरून तीन खोल्यांत नऊ माणसं. मामा फाटकाशीच उभा होता. बॅगा खाली ठेवायच्या आधी त्याने सांगितलं, "आत गेल्यावर आधी स्वतःचं नाव सांगा. आई, मी अमुक, असं. विचारायचं नाही, सांगायचं. एकेक जण जा. आणि घरातलं सामान इकडचं तिकडे करू नका." आम्ही माना डोलावल्या. प्रवासाने अंग आंबलं होतं आणि आईला बघायची घाई होती.

दादा पहिला आत गेला. दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभा राहिला. "आई! सांग बघू, मी कोण?"

आई खुर्चीतून उठली. चेहरा उजळलेला. "अरे वा! या, या. प्रवास कसा झाला?"

"प्रवासाचं राहू दे. आधी सांग, कोण मी?"

"तुला कोण विसरेल!"

"मग नाव सांग ना."

आई हसत राहिली, पण नजर दादाच्या खांद्यावरून मागे गेली. दारात मामा होता, मी होते, मुलं होती, बॅगा होत्या. "जरा हात धुऊन येते," असं म्हणून ती न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली.

वीस मिनिटं ती बाहेर आली नाही. दादा दार ठोठावायला निघाला, तर मामाने त्याला हाताने अडवलं आणि दाराशी तोंड नेऊन नेहमीच्या आवाजात म्हणाला, "ताई, चहा टाकतो गं. तू ये सावकाश." कडी काढ असं एकदाही म्हणाला नाही. चहा झाला तेव्हा ती चेहरा धुऊन, केस सारखे करून बाहेर आली. मामाच्या शेजारी बसली आणि हळूच विचारलं, "पाहुणे किती दिवस आहेत?" ते मी ऐकलं. दादानेही ऐकलं. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

वहिनी कामाला चटपटीत बाई आहे. कुठेही गेली की पहिल्या तासात तिथली होऊन जाते. सात माणसांच्या गाद्या मावायला हव्यात म्हणून तिने न्हाणीघराच्या दाराशेजारचं कपाट ढकलून समोरच्या भिंतीला लावलं आणि आईची वेताची खुर्ची गॅलरीत ठेवली. खिडकीला मुलांसाठी उघडझाप करणाऱ्या दिव्यांची माळ लावली. घर छान दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई खाटेवरून उठली, रोजच्यासारखा हात पुढे करून चालू लागली. कपाटाची कड हाताला लागली की उजवीकडे वळायचं, हा तिचा हिशोब. कड लागलीच नाही. ती तशीच चालत स्वयंपाकघरात आली, थबकली, परत फिरली, आणि तोवर उशीर झाला होता. गाऊन भिजला. आईने स्वतःच फडकं ओढून घेतलं आणि वाकून फरशी पुसू लागली. "पाणी सांडलं," ती सारखी म्हणत होती, "पाणी सांडलं हो."

"सांडू द्या आई, पाणीच तर आहे," वहिनी म्हणाली आणि दुसरं फडकं घेऊन तिच्या शेजारी बसली. आम्हा दोघा सख्ख्या मुलांपेक्षा वहिनी लवकर शिकली, हे कबूल करायला हवं.

कपाट मात्र हललं नाही. मामाने येऊन ते परत ढकलायला घेतलं, तर दादा म्हणाला, "मामा, मग आम्ही झोपायचं कुठे?" मामा कपाटाला हात लावून क्षणभर उभा राहिला. समोर दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं. तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दोन हॉटेलांच्या चादरी एकदम आल्या. सुट्टीचा हंगाम, सगळ्या खोल्या भरलेल्या. मामा म्हणाला, "आज ताईला घरीच ठेवतो. तुम्ही सगळे आहातच." जेवणं झाली. माझ्या नवऱ्याला सर्दी झाली होती, तो खोकत पडला होता. बाकीचेही जेवून सुस्तावले होते. दोन खोल्यांत गाद्या टाकून सगळे आडवे झालो. आई तिच्या खाटेवर झोपली होती.

मला जाग आली तेव्हा आई आमच्यात होती. हातावर टॉवेलाची घडी घेऊन ती गाद्यांच्या ओळीतून चालली होती. एकेकापाशी वाकायची, कपाळावर हाताची मागची बाजू टेकवायची, पांघरूण सारखं करून कडा आत खोचायची आणि पुढे जायची. मी न हलता बघत राहिले. या तीन दिवसांत तिला इतकं सहज वावरताना मी बघितलं नव्हतं. मग माझा नवरा मोठ्याने खोकला, मुलं खिदळली, आणि आई ताठ उभी राहिली.

"हे सगळे खाली का? खाटा कुठे आहेत? इथे ड्युटीवर कोण आहे?"

तो आवाज मी लहानपणी तिचा डबा घेऊन वॉर्डात जायचे तेव्हा ऐकलेला होता. मी उठून बसले, आणि तिला खरं काय ते सांगितलं. "आई, तू रिटायर होऊन सोळा वर्षं झाली. हे हॉस्पिटल नाही, आपलं घर आहे. हा दादा, ही वहिनी, ही मुलं."

"पेशंट जमिनीवर आहेत," ती म्हणाली, "आणि तू मला वर्षं मोजून दाखवतेस?"

दादाने तिचा हात धरला. "आई, जरा बस बघू."

"अंगाला हात लावायचा नाही!" तिने हात हिसकावला. माझी मुलगी रडायला लागली. तसा आईचा आवाज खाली आला, ती स्वतःशीच बोलत आपल्या खोलीकडे गेली. "चादरी नाहीत. एवढी माणसं आणि चादरीच नाहीत."

दादा आणि मी स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात भांडलो. मामाला बोलवावं असं मी म्हणत होते. प्रत्येक गोष्टीला मामा कशाला, असं दादा म्हणत होता. मग तू जाऊन समजाव, मी म्हटलं. तू काय कमी समजावलंस, तो म्हणाला. दहा मिनिटं सहज गेली असतील. मग वहिनी आत आली. "आई कुठे आहेत?"

बाहेरचं दार उघडं होतं. स्वेटर खुंटीवरच होता.

दादा एका बाजूला धावला, माझा नवरा शाल गुंडाळून दुसऱ्या बाजूला. मी रस्ता ओलांडून लाँड्रीत शिरले. मामा इस्त्रीच्या टेबलाशी होता. माझा चेहरा बघूनच त्याने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं.

"जाताना काय म्हणाली?"

"काही नाही मामा, न सांगताच गेली."

"त्याच्या आधी. शेवटचं काय म्हणाली?"

"चादरी नाहीत म्हणाली."

मामाने शटर अर्ध्यावर ओढलं, शेजारच्या किल्लीवाल्याला "बघ रे जरा" म्हटलं आणि निघाला. "चादरी आणायला गेली असणार," तो म्हणाला.

रुग्णालय दोन बस-थांब्यांवर. मामा धावत नव्हता, पण त्याच्याबरोबर राहायला मला धावावं लागत होतं. पायात काय घालून गेली, असं त्याने विचारलं. घरातल्या सपाता, मी म्हटलं. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "रस्ता ओलांडताना हल्ली ती एकाच बाजूला बघते."

रुग्णालयाच्या मागच्या फाटकाशी ती सापडली. धुलाईखाना आता तिथे नाही, त्या जागी गाड्या उभ्या असतात, पण फाटक तेच आहे. तिथल्या पहारेकऱ्याने आपली खुर्ची तिला दिली होती आणि आपलं जाकीट तिच्या खांद्यांवर घातलं होतं. "मॅडम म्हणतात वॉर्डात चादरी नाहीत," तो मामाला म्हणाला. "मी म्हटलं, बसा, कोणीतरी येईलच."

मी तिला मिठी मारायला धावले, तर मामाने मला मनगटाला धरून मागे ओढलं. शर्टाचं वरचं बटण लावलं. मग तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"सिस्टर, चादरी पाठवल्या."

आईने वर बघितलं. "केव्हा?"

"आत्ताच. तुम्ही इकडे निघालात आणि गाडी तिकडे पोचली. चुकामूक झाली."

"किती?"

"बारा."

"बारात काय होणार? वीस लागतील."

"आठ सकाळी देतो. एकच मशीन चालू आहे."

"लिहून दे."

मामाने खिशातलं पावतीपुस्तक काढलं, गुडघ्यावर टेकवून लिहिलं, ‘चादरी आठ, सकाळी सात वाजता’, आणि खाली सही केली. आईने पावती डोळ्यांजवळ धरली, चौघडी करून मुठीत ठेवली आणि उठली. जाकीट पहारेकऱ्याला परत देत म्हणाली, "घाला, थंडी आहे." माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

टॅक्सीत ती मामाच्या खांद्यावर रेलली. मी पुढे बसले होते. थोड्या वेळाने मागून तिचा आवाज आला. "दमले रे मी."

"हो ताई," मामा म्हणाला. "मीपण."

संध्याकाळी वहिनी आईजवळ थांबली आणि दादा आणि मी लाँड्रीत गेलो. चादरींचे ढीग कंबरेपर्यंत आले होते. दादा शोधताना रस्त्यात रडला होता, आणि रडणं आवरलं की त्याला राग येतो.

"मामा, हे असं नाही चालायचं. तिला एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवू. तू पासष्ट वर्षांचा झालास. तू दमलायस."

मामा चिडेल असं मला वाटलं. तो चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात देत म्हणाला, "दमलोय. खरंच दमलोय." आम्ही चादर ताणली, जवळ आलो, घडी घातली. "म्हणून तर सांगत होतो, वाटून या. हिचे आठ दिवस, तुझे आठ दिवस. ताईला एक माणूस झेपतं. आणि मला वाटलं होतं, त्या पंधरा दिवसांत चार दुपारी तरी आडवं व्हायला मिळेल. दोन वर्षांत मी दुपारी झोपलेलो नाही."

"मग तसं स्पष्ट सांगायचं ना!" मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रागही.

"कसं सांगणार? सख्ख्या बहिणीला सांभाळतो आणि वर झोप मागतो? तोंडातून निघेना." तो खाली बघून पुढची चादर सोडवत राहिला. "दोनदा म्हणालो ना मी, वाटून घ्या. मी कधी दोनदा सांगतो का?"

मी पुढचं टोक हातात घेतलं. मग दादाने विचारलं, "आणि संस्थेचं?"

"नाही म्हणत नाही. लागेल तेव्हा बघू. पण आज तुम्ही घाबरलात म्हणून नको. तिला तिथे बरं वाटेल का, ते बघून ठरवू."

दादाने पुढची चादर उचलली. त्याला घडी घालता येत नव्हती. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी सगळा ढीग उपसला.

दुसऱ्या दिवशी दादाचं बिऱ्हाड कोपऱ्यावरच्या लॉजमध्ये गेलं. हंगामात खोली मिळाली ती मामाच्या ओळखीने. त्या लॉजच्या चादरीही तोच धुतो. वहिनीने कपाट स्वतः ढकलून जागेवर लावलं, दिव्यांची माळ काढली, वेताची खुर्ची आत आणली. आईजवळ एका वेळी दोघांनीच बसायचं ठरलं. सकाळी एक घर, संध्याकाळी दुसरं. आत जाताना नाव सांगायचं, हे आता सगळे पाळू लागले. माझी मुलगी तर जरा जास्तच. दर पाच मिनिटांनी खोलीत शिरून ती घोषणा करायची, "आजी, मी तुझी नात, परत आले!" सहाव्या-सातव्या वेळी आई म्हणाली, "कळलं गं बाई, किती वेळा सांगशील!"

आणि मामाला आम्ही तीन दिवसांची रजा दिली. धुलाईखान्यातला त्याचा एक जुना सोबती बसने तीन तासांवरच्या गावी राहतो. नदीवर गळ टाकून बसायचा त्याला नाद आहे, आणि कित्येक वर्षं तो मामाला बोलावत होता. मामाने जायच्या आधी मला सगळं तीनतीनदा दाखवलं. गोळ्यांची डबी, कोमट पाण्याची बादली, कोणत्या बाजूने तिचा हात धरायचा ते. मग बस-थांब्यावर असा उभा राहिला की जणू बस चुकली तर बरंच होईल. दुकान दादा आणि वहिनीने घेतलं. दादाने पहिल्याच तासात एका पांढऱ्या शर्टाच्या खिशावर इस्त्रीचा आकार उमटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच आईजवळ होते. ती कपाटासमोर उभी राहून अस्वस्थपणे टॉवेल काढत होती, परत ठेवत होती. मी ओळखलं, ही आता ड्युटीवर आहे. मामा करतो तसं करायचं मी मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. दोन पावलं लांब, हात बांधून उभी राहिले.

"सिस्टर, तुम्हाला काही हवंय का? चादरी आल्या आहेत."

आई वळली. माझ्याकडे बघत राहिली. मग जवळ येऊन माझ्या कपाळावर हात ठेवला. "सिस्टर काय म्हणतेस? आणि अहो-जाहो? बरंबिरं नाही का तुला?"

माझे बांधलेले हात सुटले.

"आई म्हण ना," ती म्हणाली.

"आई," मी म्हटलं.

"हं. माझा चष्मा कुठे गेला बघ. मघापासून शोधतेय."

चष्मा टॉवेलांच्या घडीत होता. तो लावून ती खुर्चीत बसली आणि तिने मला विचारलं की नवरा खोकतोय त्याला वाफ दिलीस का, आणि तू इतकी वाळलीस का. मी तिच्या पायाशी बसून सगळी उत्तरं दिली. पाऊण तास असेल. नंतर ती खिडकीबाहेर बघायला लागली, आणि मग मला विचारलं, पाहुणे कधी जाणार आहेत. मी म्हटलं, जातील दोन-चार दिवसांत. "चांगले आहेत," ती म्हणाली, "पण फार आहेत."

मामा त्याच संध्याकाळी परत आला. ठरल्याच्या एक दिवस आधी.

"मासे?" दादाने विचारलं.

"लागले नाहीत. झोप लागली. नदीच्या काठावर चार तास. तो म्हणत होता, तुझ्या घोरण्यानेच मासे पळाले."

"मग उद्यापर्यंत थांबायचं की!"

"करमेना," मामा म्हणाला आणि आधी आईकडे गेला, मग दुकानात. शर्टाचा खिसा बघून त्याने फक्त एवढंच विचारलं, की हे कोणाचं काम. वहिनीने दादाकडे बोट दाखवलं. मामाने गिऱ्हाइकाला नवा शर्ट दिला आणि ‘शिकाऊ माणूस होता, काढून टाकला’ असं सांगितलं.

तेव्हापासून आम्ही वाटून येतो. सुट्टीचे पहिले आठ-दहा दिवस माझे, पुढचे दादाचे, आणि वर्षाच्या मध्ये आणखी एकेक आठवडा. मी असते तेव्हा मामा दुपारी कोपऱ्यावरच्या लॉजवर जाऊन झोपतो, कारण घरी झोपला तर तिच्या पावलांचा आवाज ऐकत पडून राहतो. संस्थेचं पुढे मामानेच काढलं. तीन ठिकाणं स्वतः बघून आला, तिथल्या चादरी हाताने चाचपून. त्यातल्या एका ठिकाणी आई आठवड्यातून दोन दिवस, दिवसभरासाठी जाते. सकाळी गाडी येते, संध्याकाळी सोडते.

आईचं बोलणं आता फार कमी झालं आहे. घड्या घालणंही थांबलं. हातात रुमाल दिला तर तो मांडीवर ठेवून तळव्याने सपाट करत बसते. कोणाला ती ओळखते, कोणाला नाही, हे आम्ही बघत नाही. दादाही बघत नाही. दारातून येतानाच तो म्हणतो, "आई, तुझा थोरला आलाय गं," आणि तिच्या शेजारी बसून पेपर वाचायला लागतो.

या वर्षी माझ्या पाळीत मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. मोतीबिंदू पिकला होता आणि तो दोन वर्षं ‘बघू, बघू’ करत होता. डॉक्टरांनी पंधरा दिवस वाफेपासून लांब राहायला सांगितलं आहे. काळा चष्मा लावून तो खिडकीशी बसतो आणि समोर बदली माणूस इस्त्री कशी करतोय ते ऐकून ओळखायचा प्रयत्न करतो. शेजारी आई असते. दुपारी मी संत्रं सोलते आणि दोघांच्या हातात एकेक फोड देत जाते. मामाची तक्रार असते, की बिया काढत जा. आई काही म्हणत नाही. फोड संपली की हात पुढे करते.